जॉर्जेटला 'साधं' का समजतात? आईची जुनी साडी, अनारकली आणि काही प्रश्न

कृष्णाकाठ

सांगलीत लग्नसराई लागली की घरोघरी तेच ऐकू येतं, "लग्नात कसली जॉर्जेट नेसतेस? काठापदराची काढ." मला हे अजिबात पटत नाही. चांगली जॉर्जेट अंगावर जशी पडते तशी दुसरी कुठलीही साडी पडत नाही. निऱ्या फुगत नाहीत, पदर सुटा सोडला तरी शोभतो, दिवसभर वावरून संध्याकाळी घडी घातली तरी चुरगळलेली दिसत नाही. तरीही तिची जागा कपाटात खालच्याच कप्प्यात.

हे लिहायला निमित्त आहे. आईची साधारण १९८० च्या दशकातली प्लेन वांगी रंगाची जॉर्जेट माझ्याकडे आहे. बहिणीच्या मुलीला साखरपुड्यासाठी तिची अनारकली शिवायची आहे. दोन टेलरनी कापड हातात घेतलं आणि "हे सरकतं, आम्ही नाही करत" म्हणून परत दिलं. दुकानात चौकशी केली तर प्रत्येक गठ्ठ्याला जॉर्जेटच म्हणतात. कुठे प्युअर, कुठे सेमी, कुठे फॉक्स, आणि भाव पाचपट-दहापट वेगळे.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. ही साडी रेशमी आहे की पॉलिस्टर, हे घरी कसं ओळखायचं? कापताना आणि शिवताना काय सांभाळायचं? आणि अस्तर कुठलं लावायचं? पण जॉर्जेटबद्दल कुणाला दुसरं काही लिहायचं असेल तर तेही लिहा.

माहेर_सातारा

अगदी मनातलं. आमच्या शाळेतल्या बाई कायम प्रिंटेड जॉर्जेट नेसायच्या. खडू, फळा, एसटीचा प्रवास, सगळं त्या साडीत, आणि सहाव्या तासालाही बाई नीटनेटक्या. मला शिक्षिका व्हावंसं वाटलं त्यात त्या साड्यांचाही वाटा आहे.

ओळखायचं कसं ते जाणकार सांगतीलच. वाचतेय.

धोटा_विटा

आमचे विट्यात लूम आहेत. आम्ही जॉर्जेट काढत नाही, सुतीच चालतं. पण कापडाचं गणित सांगू शकतो.

जॉर्जेटचं सगळं मर्म पिळात आहे. साध्या कापडाच्या धाग्याला मीटरला काहीशे पीळ असतात, क्रेपच्या धाग्याला (जॉर्जेट हा क्रेपचाच एक प्रकार) दोन हजारांच्या पुढे. त्यातही निम्मे धागे सुलट पिळाचे, निम्मे उलट पिळाचे, आणि ते साधारण दोन-दोनच्या जोडीने आलटून पालटून लावलेले. साध्या क्रेपला बहुधा फक्त बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, असा पीळ असतो, जॉर्जेटला ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यातही असतो. विणून झाल्यावर कापड गरम पाण्यात साबणाबरोबर उकळतात. रेशमाचा डिंक निघून जातो, धागा मोकळा होतो आणि दोन्ही बाजूंचे पीळ आपापल्या दिशेला उलगडू बघतात. एकमेकांना अडवल्यामुळे ते जागच्या जागी आकसतात. बोटाला जी बारीक खरखर लागते ती हीच. या डिंकाबरोबर रेशमाचं वजन जवळपास पाव भागाने घटतं, म्हणून खरी रेशमी जॉर्जेट हातात इतकी हलकी लागते.

दोन-दोनच का, एक-एक का नाही? जुन्या लूमवर धोटे (आडवा धागा घेऊन ये-जा करतात ते) बदलायची पेटी एकाच बाजूला असायची. धोटा गेला की परत यायलाच हवा, तेव्हाच तो बदलता येतो. म्हणून एका पिळाच्या दोन काड्या, म्हणजे दोन आडवे धागे, मग दुसऱ्याच्या दोन. आमच्यासारख्या एका धोट्याच्या साध्या मागावर हे काम होतच नाही.

ताई, एक करून बघा. साडीच्या आतल्या टोकाचा एक धागा सुईने अलगद उपसा आणि चिमटीत धरून सैल सोडा. तो लगेच स्वतःभोवती वेटोळं घालेल. शेजारचा धागा उपसलात तर तोही तसाच, कधी त्याच तर कधी उलट्या दिशेला. धागा सरळच पडून राहिला तर जॉर्जेटच्या नावाखाली दुसरंच काही विकलेलं आहे.

इरकलप्रेमी

मी विरुद्ध बाजूने लिहितो. साडी नेसणारा नाही, पण घरातल्या तिघींसाठी खरेदी मीच करतो. बाजारात जॉर्जेट म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतेक सुरतेहून आलेलं पॉलिस्टर असतं. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, त्यात मांडवाखाली पॉलिस्टर म्हणजे शिक्षा. पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का ओलावा धरतं, सूत आठ-साडेआठ टक्के, रेशीम अकराच्या आसपास. घाम जाणार कुठे? आपल्या भागात इरकल आहे, खण आहे, सुती आहे. ते सोडून झुळझुळीत कापडाच्या मागे लागायचं कारण मला कळत नाही.

कृष्णाकाठ

@धोटा_विटा, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आज रात्रीच धागा उपसून बघते.

@इरकलप्रेमी, आकडे बरोबर आहेत. पण तुमचा आक्षेप पॉलिस्टरवर आहे, जॉर्जेटवर नाही. जॉर्जेट ही विणायची तऱ्हा झाली. रेशमाची होते, व्हिस्कोसची (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याची) होते, पॉलिस्टरचीही होते. मुळात ती रेशमाचीच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये जॉर्जेट द ला प्लांत नावाची कपडे शिवणारी बाई होती, तिच्यावरून हे नाव पडलं. बनारसला आजही हातमागावर जरीची खड्डी जॉर्जेट विणतात. तिला साधं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

आणि पॉलिस्टरलाही सरसकट नावं ठेवू नयेत. ज्या बायकांना रोज धुवायची, स्वतःच वाळवायची आणि इस्त्रीशिवाय नेसायची साडी हवी होती त्यांना तिने मोठाच हात दिला.

गणपती_पेठ

आमच्या ह्यांना विचारलं, शिफॉन आणि जॉर्जेटमध्ये फरक काय? म्हणाले, "दोन्हीचं बिल वेगळं येतं."

अजिंक्यतारा

हाहा, अगदी नेमकं उत्तर!

फरक सांगायचा तर दोन्ही पिळाच्या धाग्याचीच. शिफॉनचा धागा अधिक बारीक, म्हणून ती जास्त तलम आणि जास्त आरपार. जॉर्जेट किंचित जाड, किंचित खरबरीत, चमक कमी आणि टिकायला दणकट. शिफॉन हातातून निसटते, जॉर्जेट निदान थोडी तरी पकड देते.

शिफॉनवरून आठवलं, विषय थोडा बाजूला जाईल. भारतात तलम शिफॉनची साडी मिरवायची पद्धत पाडली असं ज्यांच्याबद्दल सांगतात त्या कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी आपल्याच. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या त्या कन्या, जन्म १८९२ चा. वैधव्य आल्यावर फ्रान्समधून पांढऱ्या शिफॉनच्या साड्या करवून घ्यायच्या. जयपूरच्या गायत्रीदेवी त्यांची मुलगी, त्यांनी तीच आवड पुढे नेली. म्हणजे या तलम साड्यांच्या मुळाशी मराठी घरातली लेक आहे. काठापदरवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

शिलाई_मिरज

ताई, माझं शिवणाचं काम आहे, जॉर्जेट रोज हातात असते. टेलर नाही का म्हणतात तेही सांगते. कापड सरकतं हे खरं, पण खरी अडचण अशी की सुती ड्रेसच्या दुप्पट वेळ जातो आणि गिऱ्हाईक शिलाई तेवढीच देतं. वेळेचे पैसे देईन असं आधी सांगा, कुणीतरी नक्की घेईल.

कापताना: टेबलावर आधी पातळ कागद पसरायचा, त्यावर कापड, वरून परत कागद, आणि तिन्ही एकदम कापायचं. बटर पेपर चांगला. वर्तमानपत्र नको, शाई लागते. कैची नुकती धार लावलेली हवी, बोथट असली की कापड पात्यात ओढलं जातं. एका वेळी कापडाचा एकच थर कापा. चार घड्या घालून घेराच्या चार कळ्या (खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या) एकदम काढायला गेलं की प्रत्येक कळी वेगळ्या मापाची निघते. पॉलिस्टर असेल तर आधी साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून वाळवा, कागदासारखं ताठ होतं, शिवून झालं की धुवून टाका. रेशमी आणि व्हिस्कोसवर हा प्रयोग नको, पाणी लागलं की पिळाचा धागा आकसतो.

शिवताना: ९ नंबरची नवी सुई. जुन्या सुईच्या टोकाला खर असते, ती धागा ओढते आणि कापडावर आडवी रेघ उमटते, मग ती जात नाही. दोरा बारीक, टाका लहान, ताण ढिला. सुरुवातीला कापड सुईच्या भोकात ओढलं जातं म्हणून दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. शिवण दुहेरी घ्यायची, म्हणजे आधी उलट्या बाजू समोरासमोर ठेवून अगदी कडेला एक शिवण, मग उलटवून ती कड आत कोंडून दुसरी. आरपार कापडात इंटरलॉकचे दोरे बाहेरून दिसतात आणि सगळी शोभा जाते.

सगळ्यात महत्त्वाचं घेराबद्दल. कळ्या जोडून झाल्या की खालची कड लगेच दुमडायची नाही. ड्रेस हँगरला अडकवून निदान एक रात्र टांगून ठेवायचा. जिथे कापड उरेब, म्हणजे तिरकं, आलं आहे तिथे ते स्वतःच्या वजनाने उतरतं, सरळ जागी उतरत नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला घालून उभं करायचं आणि जमिनीपासून पट्टी धरून सगळीकडे सारखं मापून जास्तीचं कापायचं. हे न केल्यामुळे बाजारातल्या कितीतरी अनारकल्या दोन कडांना लोंबताना दिसतात. मग बारीक गोल दुमड किंवा पिको.

अस्तर: वरच्या भागाला सुती, टू बाय टू चालेल, घाम तिथेच येतो. घेराला मऊ क्रेपचं, म्हणजे वरच्या कापडाबरोबर हलतं. घेराला सुती लावलंत तर जॉर्जेट त्याला अडकत राहते. अस्तराचा रंग गडदच घ्या आणि उजेडात वरून धरून बघूनच कापा, दुकानातल्या दिव्यात रंग फसवतो. अस्तराचा घेर वरच्यापेक्षा कमी ठेवला तरी चालतं.

माहेर_सातारा

@शिलाई_मिरज, टांगून ठेवायचं कारण आज कळलं. माझ्या लेकीच्या घागऱ्याला हेच झालं होतं, शिवणारी म्हणाली तुमची मुलगीच वाकडी उभी राहते!

हळदबाजार

साखरपुड्याला घालणार, पुढे हळदीलाही घालणार, म्हणून एक सांगतो. आमचं घर हळदीच्या धंद्यातलं, डागांशी रोजचा संबंध. कापडावर हळद सांडली की लोक आधी साबण चोळतात. साबण अल्कली, त्यामुळे डाग एकदम लालभडक होतो आणि बाई घाबरून आणखी चोळते. जॉर्जेट चोळली की पीळ सरकतो आणि तेवढीच जागा कायमची विरळ दिसते. कोरडी हळद आधी झटकून काढा, साध्या पाण्याने थोपटा आणि उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, फिका होत जातो. लाल झालाच असेल तर लिंबाच्या पाण्याने परत पिवळा होतो, मग ऊन. रेशमी असेल तर मात्र फार वेळ कडक उन्हात नको, साडीचाच रंग उतरेल. तिला ड्रायक्लीनच बरं.

हरभट_रोड

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी होतं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा साड्यांच्या घड्यांमध्ये चिखलाचे थर बसले होते. रेशमी साड्यांचे रंग एकमेकींना लागले, जरी काळी पडली, दोन तर उचलतानाच फाटल्या. आईच्या पॉलिस्टर जॉर्जेट आम्ही गच्चीवर नळ सोडून धुतल्या. चिखल गेला, रंग जसाच्या तसा, दोरीवर टाकल्या आणि तासाभरात वाळल्या. पुढचे कितीतरी दिवस आई त्याच नेसत होती, कारण दुसरं काही उरलंच नव्हतं. @इरकलप्रेमी, घामाचं तुमचं म्हणणं मान्य, पण पाणी न धरण्याचा हा गुण मी डोळ्यांनी बघितला आहे.

इरकलप्रेमी

@हरभट_रोड, वाचून गप्प झालो. त्या दिवसांत आम्हीही मिरजेत नातेवाइकांकडे होतो. तुमचा मुद्दा मान्य.

डॉ_कोरेगाव

दवाखान्यातला अनुभव म्हणून एवढंच सांगते. स्वयंपाक करताना आणि समईजवळ पॉलिस्टर जॉर्जेटचा पदर खोचून घ्या, मोकळा सोडू नका. सुती कापड पेटतं, पॉलिस्टर पेटतं आणि वितळतंही. वितळलेलं कापड कातडीला चिकटतं, जखम खोल जाते आणि बरी व्हायला वेळ लागतो. हलकं कापड वाऱ्याने उडतं म्हणून धोका जास्त. साखरपुड्यात औक्षण असतंच, तेव्हा दुपट्टा पिनने नीट लावा.

शिलाई_मिरज

डॉक्टर मॅडम, बरं झालं लिहिलंत. पिनवरून माझंही एक. जॉर्जेट थेट पिनमध्ये घालू नका, वजनाने भोक मोठं होत जातं. पिनेत आधी एक मणी ओवा, मग कापड. मणी मागच्या गोल वेढ्यापाशी राहतो आणि कापड त्यात अडकत नाही. खांद्यावर भरजरी दुपट्टा असेल तर आतून सुती कापडाचा तुकडा ठेवून दोन्हीतून पिन काढा.

कृष्णाकाठ

धागा उपसला! चिमटीत सोडला आणि क्षणात वेटोळं झालं. शेजारचे अजून दोन-तीन उपसले, त्यातला एक खरंच उलटीकडे वळला. मग त्यातलेच धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळले. जळक्या केसांचा वास आला, ज्योत काढली तशी आपोआप विझली, आणि राहिलेली काळी राख बोटाने चुरडली तर भुगा झाला. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो असं वाचलं होतं, तसं काही झालं नाही.

म्हणजे आईची साडी रेशमी आहे. तिने ती कधी बोलूनही दाखवली नाही.

धोटा_विटा

अभिनंदन ताई! व्हिस्कोस असतं तर जळका कागद जसा वास येतो तसा आला असता. केसांचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर, आणि जॉर्जेट लोकरीची नसणार.

नवीन घेणाऱ्यांसाठी सांगतो, दुकानात काही जाळू देत नाहीत. तिथे सिल्क मार्कचं लेबल बघायचं. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये ही खूण सुरू केली. लेबल नसेल आणि भाव पॉलिस्टरचा असेल तर कितीही 'प्युअर' म्हणू देत, हसून पुढे जायचं.

शिलाई_मिरज

रेशमी निघाली म्हणजे माझा सल्ला थोडा बदलतो. कैची लावायच्या आधी साडी पूर्ण उलगडून खिडकीत उजेडासमोर धरा. इतकी वर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम घडीच्या रेषेवर विरतं. तिथे दोन अंगठ्यांनी दोन्ही बाजूंना हलकं ओढून बघा. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली तर ती रेष कळीच्या मध्ये येऊ द्यायची नाही. साडी साडेपाच मीटर आहे, एका कळीदार अनारकलीला पुरते. कमजोर पट्टे वगळून कळ्या अरुंद आणि संख्येने जास्त करा. शिवणी वाढतील, पण प्रत्येक शिवण कापडाला आधारही देईल.

घड्यांवर सगळीकडेच विरली असेल तर ड्रेस करू नका. दुपट्टा करा, किंवा साध्या रेशमी ड्रेसवर समोर उघडं जाकीट. ज्याच्यावर ताण येत नाही अशा जागी हे कापड अजून कितीतरी वर्षं टिकेल.

इस्त्री उलट्या बाजूने, वर मलमलचा तुकडा ठेवून, मंद. पाणी शिंपडायचं नाही, थेंबाच्या जागी कापड आकसतं आणि डाग पडल्यासारखं दिसतं.

काकू_वाई

आईची साडी कापायची म्हणजे माझा जीव होत नाही बाई. माझं मत विचारशील तर पोरीला साडीच नेसव. साखरपुड्याला जॉर्जेटची साडी आणि खणाची चोळी, काय दिसेल! घडी विरली असेल तिथे आतून त्याच रंगाच्या जाळीची पट्टी लावून घे.

कृष्णाकाठ

काकू, तुमच्यासारखंच आईही म्हणाली असती. उजेडात धरून बघितलं. मधल्या दोन घड्या विरल्या आहेत, बाकी साडी ठणठणीत. भाचीला विचारलं. तिला अनारकलीच हवी आहे आणि ती पुन्हा पुन्हा घालणार म्हणतेय. कपाटात पडून राहण्यापेक्षा ती अंगावर यावी असं मला वाटतं. पदराचा भाग मात्र न कापता दुपट्टा म्हणून ठेवणार आहे.

@शिलाई_मिरज, तुम्हीच शिवाल का? वेळेचे पैसे देणार, हे आधीच सांगते. निरोप केला आहे.

शिलाई_मिरज

निरोप मिळाला. आनंदाने. मुलीला मापाला घेऊन या, आणि त्या दिवशी जे चप्पल घालणार आहे तेच घालून यायला सांगा, घेर त्यावर ठरतो.

इरकलप्रेमी

झाल्यावर फोटो टाका. आणि एक विचारायचं राहिलं. घरात एक व्हिस्कोस जॉर्जेट आली आहे, धुतल्यावर वीतभर आखूड झाली. आता परत मोठी होते का?

धोटा_विटा

थोडी होते, पूर्ण नाही. किंचित दमट असताना दोघांनी दोन टोकं धरून हळू ताणत उलट्या बाजूने इस्त्री करा, आणि तेही जपून. व्हिस्कोसची ताकद ओलेपणी जवळपास निम्म्यावर येते, झटका बसला तर फाटेल. पुढच्या वेळी शिवायच्या किंवा फॉल लावायच्या आधीच एकदा पाण्यातून काढा. सुती फॉलही आधी भिजवून घ्या, नाहीतर साडी आणि फॉल वेगवेगळे आकसतात आणि खालची कड गोळा होते.